खडूच्या डब्यातला तंबाखू

आमच्या गावात कुठलीही गोष्ट दुपारच्या जेवणापर्यंत लपत नाही. कुणाच्या घरी सुरमई आली, कुणाची सून रुसून माहेरी गेली — तिठ्यावर आधी कळतं, घरच्यांना मागाहून. ही एक गोष्ट मात्र नऊ वर्षं लपली. कारण ती ठाऊक असलेली माणसं दोनच होती. त्यातलं एक चार वर्षांपूर्वी गेलं. उरले मी.

तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसापुढे बसून हे बोलायची हिंमत माझ्यात असती, तर आज हे लिहायची वेळच आली नसती.

मी शाळेत विज्ञान शिकवत होते. पस्तीस वर्षं. शेवटी मुख्याध्यापिका झाले. लग्न केलं नाही. माझा थोरला भाऊ आणि वहिनी खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, पलीकडच्या घरात, मी अलीकडच्या दोन खोल्यांत. जेवण मात्र वहिनीच्याच हातचं, तिघांचं एकत्र. त्यांना मूलबाळ नव्हतं. दादा गणपती करायचा. आषाढात घरोघरचे पाट आमच्या पडवीत येऊन भिंतीला टेकायचे — ज्या घराचा पाट, त्या घराचा गणपती त्याच पाटावर घडायचा. माती मळायला, रंग द्यायला चार माणसं यायची. पण डोळे दादाच आखायचा. दुसऱ्या कुणाला त्याने कधी हात लावू दिला नाही. श्वास धरायचा, आणि एकाच ओढीत भुवई. मी लहानपणी बाजूला बसून बघायचे, आणि डोळे झाले की मला त्या मूर्तीसमोर उभं राहायची भीती वाटायची. खरंच वाटायची.

दादा सातवीत शाळा सोडून त्या पाटांपुढे बसला, तेव्हा मी पुढे शिकू शकले. हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही. उलट तो गावभर सांगत फिरायचा की आमच्या घरातली अक्कल सगळी शालनकडे गेली. मी बोलले म्हणजे ते शास्त्र. मला ते आवडायचं का? — आवडायचं. फार आवडायचं. इथेच सगळं मूळ आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

दादाला तंबाखूची सवय होती. चुना लावून मळलेली चिमूट गालात धरल्याशिवाय त्याचा ब्रश चालत नसे. मी शाळेतले तक्ते घरी आणून दाखवले. सडलेल्या जबड्यांची चित्रं दाखवली. तो हसायचा, डोक्यावर टपली मारायचा, आणि गाल तसाच फुगलेला. वीस वर्षं मी ओरडत राहिले. आणि वहिनीने काय केलं? तिने एका सोमवारी त्याला ग्रामदेवतेच्या देवळात नेलं, नारळ ठेवला आणि मानकऱ्याकडून देवाला साकडं घालायचं गाऱ्हाणं घालून घेतलं. दादाने सगळ्यांसमोर तंबाखूची चंची कमरेची काढून देवाच्या पायरीवर ठेवली. त्या दिवसापासून बंद. एका दिवसात!

मी तेव्हा खूश झाले असं तुम्हाला वाटेल. सगळ्यांना तसंच वाटलं. मी वहिनीला मिठीही मारली. पण आत कुठेतरी मला ते झोंबलं होतं. वीस वर्षांचं माझं शास्त्र एका नारळापुढे आडवं झालं होतं. इतका क्षुद्र विचार — भाऊ वाचला याचा आनंद सोडून? हो. केला मी.

पाच वर्षं दादाने शब्द पाळला. मग त्याचा उजवा हात मांडीवर ठेवला की आपोआप हलू लागला. अंगठा तर्जनीवर घासल्यासारखा — अगदी तंबाखू मळल्यासारखाच. वहिनी आधी चिडली, तिला वाटलं जुनी खोड. मग चाल बारीक झाली, चेहरा कोरा पडत चालला. गोव्याला नेलं. डॉक्टरांनी दोन मिनिटं चालवून बघितलं आणि सांगितलं, पार्किन्सन. कंपवात. मेंदूतल्या ठरावीक पेशी मरत जातात, त्या परत येत नाहीत. गोळ्यांनी हात थांबेल, आजार थांबणार नाही.

परतीच्या वाटेवर, सावंतवाडी गेल्यावर, दादाने गाडीत विचारलं, "शालन, डोळे आखूक गावतीत मां गो?"

मी म्हटलं, गावतीत, आखता येतील. दुसरं काय म्हणणार होते?

त्यानंतर मी वाचायला लागले. मिळेल ते, फोनवर, पुतळ्यासारखी बसून. आणि एक दिवस ते सापडलं. की जी माणसं तंबाखू ओढतात त्यांच्यात हा आजार कमी आढळतो. की निकोटिन कदाचित त्या मरणाऱ्या पेशींना जपत असेल. प्रयोगशाळेत तसं काही दिसलं आहे, माणसांवर पाहणं चालू आहे. लेखात 'कदाचित' तीन वेळा होतं. मी मोजलं होतं, म्हणून सांगते.

नववीच्या वर्गाला मी दरवर्षी एक गोष्ट विचारायचे. पाऊस पडतो तेव्हा रस्त्यावर छत्र्या दिसतात, म्हणून छत्र्यांनी पाऊस पडतो का? मुलं हसायची. मीही हसायचे. आणि तीच मी, त्या दुपारी लेख हातात घेऊन धावत खळं ओलांडून पलीकडे गेले. वहिनी तळ्यावर कपडे धुवायला गेली होती. मी दादाला सांगितलं की तंबाखू मेंदूच्या पेशींना जपतो. कदाचित नाही, बहुतेक नाही — जपतो. शास्त्र म्हणतंय.

त्याने विचारलं, "म्हणजे मी सोडलंय म्हणान ह्या झाला?"

आता बघा, याचं उत्तर मला ठाऊक होतं. ते 'कुणालाच सांगता येणार नाही' असं होतं. मी ते दिलं नाही. मी गप्प राहिले, आणि माझं गप्प राहणं त्याने 'हो' असं घेतलं. मी ते घेऊ दिलं. वहिनीच्या नारळाने माझ्या भावाचा हात नेला, हे त्या क्षणी कुणी मला म्हटलं असतं ना, तर मी मान हलवली असती. इथवर मी पोचले होते.

देवाला दिलेल्या शब्दाचं काय, असं त्याने एकदाच विचारलं. मी म्हटलं, औषध म्हणून घेतलेलं देवाला चालतं. कुणी मला हा अधिकार दिला होता?

मग मी तंबाखू आणायला लागले. आमच्या गावातल्या दुकानातून घेतला असता तर तासाभरात वहिनीला कळलं असतं. दर महिन्याला मी दादाच्या गोळ्या आणायला कणकवलीला जायचे. येताना एसटीतून कसालला उतरायचे, बाजारात मला न ओळखणाऱ्या एका बाईकडून काळा तंबाखू घ्यायचे आणि पुढच्या गाडीने घरी. शाळेतून आणलेला खडूचा एक रिकामा पत्र्याचा डबा माझ्याकडे होता. तंबाखू त्यात. डबा माझ्या खिडकीत, पुस्तकांच्या मागे. वहिनी तळ्यावर किंवा बाजारात गेली की दादा पाय ओढत खळं ओलांडून यायचा, आणि त्याचे हात थरथरत म्हणून मीच तळहातावर चुना घेऊन त्याला मळून द्यायचे. निवृत्त मुख्याध्यापिका मी! वीस वर्षं ज्या चिमटीवर ओरडले, ती चिमूट मी माझ्या हाताने मळत होते. तो गालात धरायचा आणि डोळे मिटून बसायचा. लहान असल्यासारखे आम्ही दोघं हसायचो. हे सांगताना मला लाज वाटते, पण त्या दुपारी सुखाच्या होत्या.

त्या वर्षी त्याने डोळे आखले. मांडीवर हलणारा हात ब्रश टेकला की थांबायचा. "बघ, हात कसो थांबलो," तो म्हणायचा. "तुझ्या औषधान." मला माहीत होतं हो. या आजारात हात रिकामा असताना जास्त हलतो, कामाला लागला की शांत होतो. आणि गोव्याच्या गोळ्याही लागू पडल्या होत्या. मला सगळं माहीत होतं. पण दादाने 'तुझ्या औषधाने' म्हटलं, आणि मी ते काढून कुणाला देणार होते? गोळीला?

दोन वर्षांनी दुसरा लेख वाचला. रुग्णांना निकोटिनच्या पट्ट्या लावून पाहिल्या होत्या. आजाराची चाल काही मंदावली नव्हती. त्यात 'कदाचित' नव्हतं. मी तो पुन्हा पुन्हा वाचला, फोन पालथा घातला आणि खिडकीत जाऊन उभी राहिले. समोरून दादा खळं ओलांडून येत होता. एक एक पाऊल, जमिनीला चिकटलेलं. वहिनी घरात नव्हती. तो आला, बसला आणि हात पुढे केला.

मी चिमूट मळून दिली.

का? मी या प्रश्नाभोवती सात वर्षं फिरते आहे. त्याची आशा मोडवेना म्हणून — हे उत्तर मला बरेच दिवस पुरलं. चांगलं उत्तर आहे, कुणीही मान हलवेल. पण ते खरं नाही. खरं हे, की मला 'माझं चुकलं' असं त्याच्यासमोर म्हणायचं नव्हतं. आयुष्यभर ज्याने माझं बोलणं शास्त्र मानलं, त्या एका माणसासमोर मला लहान व्हायचं नव्हतं. एवढंच आहे ते. यापेक्षा मोठं कारण मी खूप शोधलं.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला दादा जेवताना थांबायला लागला. तिखट लागतं म्हणायचा. मी त्याला दारात उजेडात उभं करून तोंड उघडायला सांगितलं. डाव्या गालात आत, तंबाखू धरायच्या जागी, पांढरा चट्टा होता. वीस वर्षं वर्गात फिरवलेल्या तक्त्यावर तोच चट्टा होता. तळाशी, उजवीकडे. मी छडी टेकवून दाखवायचे.

मी दादाला म्हटलं, "चुन्यान भाजलाहा. थोडे दिवस चुनो कमी घालूया."

चुन्याने तोंड भाजतं, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे त्याला पटलं. वहिनीला तर तोंडात काय आहे तेच माहीत नव्हतं, तो तिच्यासमोर तोंड मिटून असायचा. डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे पहिला प्रश्न तंबाखूचा येणार, आणि वहिनी शेजारी उभी असणार. म्हणून मी थांबले. उद्या जाईल, परवा जाईल. पावसाळा गेला. गणपती गेले — त्या वर्षी तीनच मूर्तींचे डोळे त्याला जमले, बाकीचे त्याने हात धरून दुसऱ्याकडून करवून घेतले. दिवाळी गेली. चट्टा लाल झाला, मग त्याची जखम झाली. मी रोज मनात म्हणायचे, चुनाच असेल. विज्ञानाची बाई मी, रोज म्हणायचे.

शेवटी वहिनीनेच उशीवर रक्त बघितलं.

पुढचं थोडक्यात सांगते, मला ते लांबवता येत नाही. तुकडा काढून तपासला. कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, आधी आला असता तर एवढं कापावं लागलं नसतं. त्यांनी असंही म्हटलं की पूर्वीचा इतक्या वर्षांचा तंबाखू होता, तेव्हाच बीज पडलं असेल. असेलही. हे वाक्य माझ्या कामाचं आहे, हे मला कळतं. पण ते मी वापरत नाही, कारण चट्टा मी बघितला होता. गाल आणि जबड्याचा भाग काढला. दादाचं बोलणं गेलं.

डॉक्टरांनी वहिनीसमोर विचारलं होतं, तंबाखू चालू होता का. वहिनी ताठ मानेने म्हणाली, नाही, देवासमोर सोडलाय. डॉक्टरांनी फक्त मान खाली घातली. तोंडातला ताजा डाग त्यांना दिसत होता. वहिनीला कळलं. तिचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला, आणि तो मला अजून दिसतो.

ऑपरेशन होऊन घरी आल्यावर ती दादाच्या कॉटपाशी उभी राहिली. रडली नाही. मी पायाशी बसले होते. ती माझ्याकडे वळली. "शालन, ह्यांका तंबाखू कोण आणून देय होता गो? तुका खबर आसा?"

इथे थांबते जरा.

दादा माझ्याकडे बघत होता. आजाराने त्याचा चेहरा केव्हाच पुसून टाकला होता. राग आहे, माया आहे की विनवणी आहे, काही कळायची सोय नव्हती. नुसते डोळे. हजारो डोळे आखलेल्या माणसाचे दोन डोळे. लहानपणी भीती वाटायची ना, तशीच वाटली.

मी म्हटलं, "माका काय खबर, वयनी."

दादाने उजवा हात उचलला. तो थरथरत वर आला, हवेत जरा हलला, आणि त्याने बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं. मीच. मीच आणला. असं. वहिनीकडे बघत, दोनदा. मग डोळे मिटून घेतले.

मी उठून खळं ओलांडून माझ्या खोलीत आले. डबा पुस्तकांमागे होता, त्यात अजून मूठभर तंबाखू होता. तो मी संध्याकाळी खाडीत नेऊन ओतला. डबा ठेवला. तो का ठेवला, ते मला सांगता येणार नाही.

दादा पुढे सात महिने जगला. त्या सात महिन्यांत मी त्याचं सगळं केलं, नळीने पेज घातली, कूस बदलली. लोक म्हणायचे, बहीण असावी तर अशी. वहिनी पण म्हणायची. तो कधी माझ्याकडे बघायचा, कधी नाही. वहिनीला खरं सांगायला सात महिने होते. तो जिवंत असताना, त्याच्या देखत. त्याला एकदा तरी निर्दोष होऊन जाता आलं असतं.

तो गेल्यावर आषाढात लोक आपापले पाट न्यायला आले. त्यांनी ते सवयीने आधीच आणून ठेवले होते. वहिनीने एकेक पाट ओल्या फडक्याने पुसला आणि ज्याचा त्याच्या हातात दिला. कुणीतरी म्हणालं, सोन्यासारखा हात होता, पण तोंडावर ताबा नव्हता. वहिनीने ऐकून घेतलं. मीही ऐकून घेतलं.

आणि आता खरं सांगायचं ते. कारण तंबाखू, चट्टा, ते एक खोटं — ते सगळं होऊन गेलं. पण हे दरवर्षी होतं, आणि मी करते.

वहिनीच्या मनाने घेतलं आहे की दादाने देवाला दिलेला शब्द चोरून मोडला, म्हणून त्याला असं मरण आलं. आणि त्याला पुढेही सुटका नाही. "ह्यांनी देवाक फसवल्यानी. आता मी फेडूक होया," ती म्हणते. शब्द दिला त्याच सोमवारी ती दरवर्षी देवळात नारळ ठेवते. सबंध दिवस पाणीही घेत नाही. तिचे गुडघे गेले आहेत, पण पायऱ्या चढायला ती माझाच हात धरते, दुसऱ्या कुणाचा नाही.

यंदाही गेलो. मानकऱ्याने पागोटं सावरलं, हात जोडले आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. आमच्याकडे त्याच्या प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी एका आवाजात होकार द्यायचा असतो. वहिनी माझ्या शेजारी, पदर पसरून, उन्हाने आणि उपासाने पिवळी पडलेली. मानकरी म्हणाला, बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराच्या घोवान तुका दिलेलो शब्द मोडल्यान —

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

कोणाक कळाक न देता, चोरून खाल्ल्यान —

"व्हय म्हाराजा."

त्येचो अपराध पोटात घाल, आणि त्येका वाट दी रे म्हाराजा —

माझा आवाज पस्तीस वर्षं वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचलेला आहे. देवळात तो सगळ्यांच्या वर ऐकू येतो. मी तिन्ही वेळा म्हटलं. उतरताना वहिनीने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "तू आसस म्हणान मी उभी आसंय गो."

मी तिला सावकाश एकेक पायरी खाली उतरवलं.